तान्ह्या बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब नक्की किती?

गोव्हनहिलहून, नवी आई

नमस्कार मंडळी,
लेक सात आठवड्यांची झाली, फक्त अंगावर पिते. गरोदरपणात माझं ड जीवनसत्त्व फार कमी निघालं होतं; गोळ्या चालू आहेत. हेल्थ व्हिजिटरने (बाळाला बघायला घरी येणाऱ्या नर्सने) बाळाला थेंब द्यायला सांगितलेत. सासूबाईंनी पुण्याहून बाळासाठी थेंब आणलेत आणि माझ्यासाठी ६०,००० युनिटची सॅशे. इथल्या, ग्लासगोतल्या बाटलीवर 'एक थेंब' लिहिलंय, तिकडच्या बाटलीवर 'एक मिली'. खरं कुठलं? मी घेतेय तर तिला वेगळं हवंच का? सासूबाई म्हणतात, तेल लावून खिडकीतल्या कोवळ्या उन्हात निजवली की पुरे.

उत्तर: पेस्लीहून, फार्मसीवाली ताई

अगं, दोन्ही खरं, आणि घोळ तिथेच होतो. तिकडच्या बऱ्याच बाटल्यांत एका मिलीत ४०० युनिट असतात, इथल्या काहींत तेवढेच एका थेंबात. तिकडचा ड्रॉपर इथल्या बाटलीत बुडवून मिलीभर पाजलंस तर वीस-तीस दिवसांचा डोस एकदम पोटात. असं रोज झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडांना त्रास होतो. एकच बाटली ठेव, दुसरी कपाटातूनच काढ. बाळाला दिवसाला साडेआठ ते दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे ३४० ते ४०० युनिट. ५०० मिलीच्या वर फॉर्म्युला पिणाऱ्या बाळांना वेगळे थेंब लागत नाहीत, तुझीला लागतात.

सॅशे मोठ्यांची. तिकडे डॉक्टर ती बहुधा आठवड्यातून एकदा देतात. जीपीला (आपल्या फॅमिली डॉक्टरला) दाखवल्याशिवाय तूही फोडू नकोस.

तुझ्या गोळ्या तुझ्यासाठी; नेहमीच्या डोसने दुधात ड फारच थोडं उतरतं. बाळ जन्माला येतं ते आईकडून मिळालेली शिदोरी घेऊन. तुझ्याकडेच कमी होतं, तर तिची शिदोरीही तुटपुंजी. मुडदूस म्हटलं की आपल्याला वाकडे पाय आठवतात, पण ते बाळ उभं राहू लागल्यावर दिसतं. तान्हेपणी कॅल्शियम घसरून आकडी येऊ शकते, क्वचित हृदयही कमजोर होतं. आकडी आली तर मेल लिहीत बसू नकोस, ९९९ लाव.

आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांग, पण अंगात ड जीवनसत्त्व तयार व्हायला लागणारे उन्हातले यूव्ही-बी किरण काचेतून आत येत नाहीत. ऑक्टोबर ते मार्च तर इथे बाहेरच्या उन्हातही ते पुरेसे नसतात. पुण्यातसुद्धा सावली आपल्यापेक्षा लांब असते तेव्हाचं ऊन ड जीवनसत्त्वाच्या कामाचं फारसं नाही!

उत्तर: बेअर्सडेनहून, मंडळातली जुनी काकू

आम्ही १९७६ साली आलो. तेव्हा इथल्या आशियाई मुलांत मुडदूस खूप, आणि काही डॉक्टर खापर फोडायचे चपातीवर! पिठातल्या फायटेटने कॅल्शियम अडतं म्हणे. शेवटी १९७९ साली ग्लासगोत आपल्या मुलांना ड जीवनसत्त्व फुकट द्यायची मोहीम निघाली, मुडदूस कमी झाला. चपात्या आम्ही सोडल्या नव्हत्या. स्कॉटलंडमध्ये अंगावर पाजणाऱ्या आईला आणि बाळाला ड जीवनसत्त्व आजही फुकट मिळतं, हेल्थ व्हिजिटरकडून मागून घे.

उत्तर: गोव्हनहिलहून, नवी आई

ताई, काकू, आभार. सासूबाईंना मेल वाचून दाखवली. सावलीचं काही त्यांना पटलं नाही, पण तिकडची बाटली स्वतःच बॅगेत टाकली. सॅशे घेऊन गुरुवारी जीपीकडे जातेय. खिडकीतलं तेल-मालीश चालूच आहे; लेकीला आवडतं.