बासष्टाव्या वर्षी संत्र्याची कलमं लावावी का?

प्रतापनगरचे काका: मार्चमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत दोन स्टेंट टाकले. तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते आणि उशीवर कान दाबून मी ठोके ऐकत राहतो. माणूस मरतो हे माहीत होतं, मी मरणार हे आत्ता कळतंय. काटोलजवळच्या वावरात बाबांनी लावलेली झाडं डिंक्यानं, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगानं, गेली. या पावसाळ्यात एकरभर नवी कलमं लावायची होती. फळ धरायला पाच-सहा वर्षं. खड्डे तयार आहेत, पण रोपवाटिकेत पैसे भरायला हात धजत नाही. मृत्युपत्राचा विषय काढला की हिचं एकच, "दिवेलागणीला असं बोलू नका." तुम्ही मनाची समजूत कशी घातली?

सावनेरचा बागायतदार: भाऊ, मला तरी घालता आली नाही. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नागपुरात येतो, बाकी दिवस बागेत. भीती आहेच, पण ओलीत करताना ती आठवत नाही. कलमं रंगपूर लाईम खुंटावरची घ्या (खुंट म्हणजे ज्यावर संत्र्याचा डोळा बांधतात ते खालचं रोप), जंबेरी खुंटापेक्षा डिंक्याला जास्त तग धरतात. डोळा बांधल्याचा जोड मातीच्या वीतभर वर राहू द्या, बुंध्याशी पाणी साचू देऊ नका.

महालची माई: आमच्या यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. बँकेत नॉमिनी मी, म्हणून सगळं माझंच असं धरून चालले. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे घरात भांडण झाल्यावर कळलं. साधा कागद चालतो, दोन साक्षीदारांसमोर सही करा, नोंदणी सक्तीची नाही. व्हेंटिलेटर नको असेल तर तेही लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये मान्यता दिली, 2023 मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी पुरे. आणि वहिनींशी सकाळी बोला. तुमचं सांगू नका, त्यांना काय हवं ते विचारा.

प्रतापनगरचे काका: माई, काल विचारलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "माझे डोळे द्यायचे. सहा तासांच्या आत काढावे लागतात, विसराल." बारा वर्षांपूर्वी फॉर्म भरलाय, कार्ड पोथीत ठेवलंय. चौतीस वर्षांचा संसार, आणि मला पत्ता नव्हता. दोघंही रडलो. सोमवारी वकिलाकडे जातोय, तीही येणार आहे. साठ कलमं सांगितली, रंगपूर खुंटाचीच. बागायतदार भाऊ, बुंध्याला मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम पहिल्याच वर्षी लावायचं का?