मदत हवी आहे: शिक्षकाच्या नोकरीसाठी संस्था 18 लाख मागून राहिली, बाबा शेत विकायला निघाले. काय करू?

नमस्कार. खूप दिवसांपासून इथले धागे वाचते, लिहिते पहिल्यांदाच. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचून सांगा.

मी 29 वर्षांची. एम.एस्सी. रसायनशास्त्र, बी.एड. 2021, दोन्ही नागपूर विद्यापीठातून. टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर दोन पास आहे. 2025 च्या टेटमध्ये, म्हणजे भरतीसाठीच्या अभियोग्यता चाचणीत, 200 पैकी 118 आले. नागपुरात मानेवाड्याकडे भाड्याच्या खोलीत राहते आणि एका खासगी इंग्रजी शाळेत 9,000 रुपयांवर सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार मिळत नाही. शिकवणं मात्र मनापासून आवडते. मागच्या आठवड्यात लिंबाचा रस आणि हळदीच्या कागदानं आम्ल-आम्लारी दाखवलं, तर पोरं मधल्या सुट्टीतही कागद घेऊन नळाचं पाणी, साबण, वरणाचं पाणी तपासत फिरत होती. मला हेच काम आयुष्यभर करायचं आहे, म्हणून तर एवढी घालमेल.

गावाकडच्या ओळखीतून बाबांना एका संस्थेचा पत्ता मिळाला. अंशतः अनुदानित शाळा, नववी-दहावीला विज्ञानाची जागा. रविवारी आम्ही दोघं भेटायला गेलो. संचालक माझ्याशी एक शब्द विषयाबद्दल बोलले नाहीत. टेबलावर कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका पडली होती. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी 18 लिहिलं, बाबांकडे फिरवलं, आणि बाबांनी वाचल्यावर पत्रिका फाडून खिशात टाकली. आकडा तोंडातून काढलाच नाही.

मी पवित्रचं, म्हणजे शासनाच्या शिक्षक भरती पोर्टलचं विचारलं. म्हणाले, "त्याची गरज नाही. तू जून 2021 पासून आमच्याकडे विनाअनुदानितवर होतीस असं दाखवू. मान्यता आणि शालार्थ आयडी आमचं काम." (शालार्थ म्हणजे शिक्षकांच्या पगाराची सरकारी ऑनलाइन प्रणाली.) जून 2021 मध्ये माझा बी.एड.चा निकालसुद्धा लागला नव्हता.

काटोलच्या बसमध्ये बाबा एक शब्द बोलले नाहीत. घरी पोचल्यावर पेटीतून सातबारा काढून बसले. आमचं दोन एकर आहे, त्यात संत्र्याची बाग. झाडं माझ्या दहावीच्या वर्षी लावलेली. "लेकीपायी गेली तर जाऊ दे," एवढंच म्हणाले. माझं लग्न, माझं वय, चुलत्यांच्या पोरांच्या नोकऱ्या, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे आणि मला ते दिसते.

मला विचारायचं आहे ते हे. अशी नोकरी टिकते का? 118 गुणांवर सरळ मार्गानं काही आशा आहे का? आणि बाबांना समजेल अशा शब्दांत कुणी सांगू शकेल का? मी सांगितलं की त्यांना वाटते, मी त्यांच्या जमिनीची काळजी करून नाही म्हणून राहिली.

— रसायनवाली

निवृत्त_मुख्याध्यापक: पोरी, एक पैसा देऊ नको. तुझ्या बाबांना माझ्याकडून नमस्कार सांग आणि हे वाचून दाखव.

काका, 2017 पासून खासगी अनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांची शिक्षक भरती पवित्र पोर्टलवरून होते. संस्थेला आधी बिंदूनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षणाची, याची नोंद) तपासून घ्यावी लागते, मग रिक्त जागेची जाहिरात पोर्टलवर टाकावी लागते. मुलाखतीसह भरती असली तरी उमेदवारांची नावं पोर्टलवरूनच येतात. ज्या जागेची जाहिरात तिथे नाही, ती जागा तुमच्या लेकीसाठी नाहीच. मागची तारीख टाकून ऑर्डर काढली तर त्या वर्षाचं हजेरीपत्रक, वेळापत्रक, संचमान्यता (शाळेच्या मंजूर पदांचा कागद) सगळं खोटं करावं लागते. 2025 मध्ये आपल्याच नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीस आलं, अटका झाल्या. अशा चौकशीत खोट्या ऑर्डरवर नाव सापडते ते शिक्षकाचं. 18 लाख घेणाऱ्यानं तर पत्रिका फाडून खिशात टाकली, तुमच्याकडे पावती कोणती राहणार?

आणि हिशेबही करा. शिक्षण सेवकाची पहिली तीन वर्षं मानधनाची. नववी-दहावीला महिना 18,000, म्हणजे तीन वर्षांत 6,48,000. दिलेल्या 18 लाखांचे निम्मेही त्यातून निघणार नाहीत. बाग राहिली तर निदान आंबिया बहाराची संत्री तरी हातात येतात.

खडू_फळा: ताई, मी 2023 च्या टेटवर लागले. फेब्रुवारी 2024 च्या यादीत नाव आलं, जिल्हा परिषद, घरापासून खूप लांब. 118 वर काय होईल हे आज कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, प्रवर्ग, माध्यम आणि विषयानुसार चित्र बदलते. पण तुमच्याकडे टीईटी पेपर दोन आहे ही मोठी जमेची बाजू. पहिली ते आठवीला टीईटी लागतेच, त्यामुळे नुसती बी.एड. असलेले तिथे येऊ शकत नाहीत. सहावी ते आठवीचा गणित-विज्ञान गट, नववी-दहावी आणि एम.एस्सी.मुळे अकरावी-बारावी, तिन्हीकडे पाहा. पोर्टलवरचं स्वप्रमाणपत्र (आपल्या पात्रतेची माहिती भरायचा अर्ज) स्वतः भरा, सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर सोडू नका. माझ्या मैत्रिणीचा विषय चुकीचा नोंदवला गेला आणि ती यादीबाहेर राहिली. प्राधान्यक्रम लॉक करायच्या आधी एकेक ओळ मोठ्यानं वाचा. फक्त नागपूर धरून बसू नका, गडचिरोली, गोंदियाही भरा.

रसायनवाली: सर, काल रात्री फोनवर बाबांना तुमचा प्रतिसाद पूर्ण वाचून दाखवला. पावतीच्या वाक्याशी थांबवून पुन्हा वाचायला लावलं. मग बराच वेळ गप्प. म्हणाले, "मास्तर कोणत्या गावचे?" संस्थेला नाही कळवायला अजून तयार नाहीत, पण शनिवारी व्यापाऱ्याला शेत दाखवणार होते ते थांबवलं आहे.

खडूताई, गडचिरोलीला जायची माझी तयारी आहे. एकच अडचण. माझ्या एम.एस्सी.च्या गुणपत्रिकेवर नुसता सीजीपीए आहे आणि अर्जात टक्के विचारतात. तुम्ही काय भरलं होतं? विद्यापीठातून टक्केवारीचं पत्र आणावं लागलं का? आणायचं असेल तर सोमवारी अर्धी रजा टाकून जाऊन येते.