पार्श्वप्रारण पूर्वी अधिक तप्त होते, हे प्रत्यक्ष मोजले गेले आहे का?

प्रश्न:
अमेरिकेत न्यू जर्सीतील होमडेल येथे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ पेंझियास आणि विल्सन यांना अँटेना कोणत्याही दिशेला वळवली तरी न घटणारी खरखर ऐकू आली. ही खरखर म्हणजे सगळ्या आकाशातून येणारे सूक्ष्मतरंगांचे प्रारण, म्हणजेच पार्श्वप्रारण; १९६५ पासून त्याला महास्फोटाचा अवशेष मानले जाते. या प्रारणाचे आजचे तापमान २.७२५ केल्विन आहे. मात्र आज ते एवढे आहे, यावरून पूर्वी ते जास्त होते असे ठरत नाही. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या विश्वात थर्मामीटर कोणी लावला आहे का?

प्रतिसाद १:
होय, आणि त्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. दूरच्या क्वेसारचा (अतितेजस्वी दीर्घिका-केंद्राचा) प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतल्या वायुमेघातून जातो, तेव्हा तिथले अणू-रेणू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. त्या शोषणरेषांवरून किती रेणू कोणत्या ऊर्जापातळीवर होते हे कळते आणि ते प्रमाण भोवतीच्या प्रारणाच्या तापमानावर अवलंबून असते. आयुकातील आर. श्रीआनंद आणि सहकाऱ्यांनी चिलीतील व्हेरी लार्ज टेलिस्कोप वापरून २००० साली कार्बनच्या अणूंवरून, २.३४ रेडशिफ्टच्या (म्हणजे विश्व प्रसरल्याने ज्याच्या प्रकाशाची तरंगलांबी १ + २.३४ पट ताणली गेली अशा) मेघात, हे तापमान ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान असल्याचे दाखवले.

प्रतिसाद २:
६ ते १४ ही मर्यादा फार सैल वाटेल, पण त्याला कारण आहे. कार्बनचे अणू केवळ पार्श्वप्रारणाने उत्तेजित होत नाहीत. शेजारच्या अणूंच्या धडका आणि ताऱ्यांचा अतिनील प्रकाशही ते काम करतात, आणि तो हिस्सा अंदाजाने वजा करावा लागतो. २००८ साली याच गटाने २.४२ रेडशिफ्टला कार्बन मोनॉक्साइडचे रेणू वापरले, ज्यांच्या बाबतीत त्या मेघात प्रारणाचाच प्रभाव मुख्य होता, आणि उत्तर आले ९.१५ केल्विन, अधिक-उणे ०.७२. प्रसरणाच्या गणिताने २.७२५ ला ३.४२ ने (१ + रेडशिफ्ट) गुणले की ९.३ येतात.

प्रश्नकर्ता:
मग डॉ. नारळीकरांचे महास्फोटाला पर्यायी प्रारूप यातच बाद झाले का?

प्रतिसाद ३:
इतकी घाई करू नये. हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांच्या १९९३ च्या प्रारूपात विश्व आलटूनपालटून आकुंचन-प्रसरण पावते, म्हणून लहान विश्वात तप्त प्रारण असणे त्यालाही मानवते. या मोजणीने अडचणीत येते ती 'प्रकाश वाटेत थकतो, विश्व प्रसरत नाही' ही कल्पना. नारळीकरांच्या प्रारूपापुढे खरी कठीण परीक्षा उभी केली ती या प्रारणातील लाखात एक इतक्या सूक्ष्म चढउतारांच्या नक्षीने; लोखंडाच्या सुईसारख्या धूलिकणांनी ताऱ्यांचा प्रकाश शोषून सूक्ष्मतरंगांच्या रूपात पुन्हा बाहेर टाकला आणि त्यातून हे प्रारण बनले, असे मानून डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी नोंदवलेली त्या नक्षीच्या आलेखातील शिखरे नेमकी मिळवणे फार अवघड आहे.