शनिवार-रविवारचे निकाल आणि त्यांतील दुरुस्त्या

प्रेषक: क्रीडा सचिव
विषय: शनिवार-रविवारचे निकाल
रविवार, रात्री

सप्रेम नमस्कार,

आपल्या मंडळाच्या क्रिकेट क्लबचे या आठवड्याचे दोन्ही सामने पार पडले. खेळाडूंमध्ये काही शाळकरी मुले-मुलीही असल्यामुळे या ईमेल यादीवर कोणाचेही नाव द्यायचे नाही, असे कार्यकारिणीत ठरले आहे. ते पाळूनच हा वृत्तान्त लिहीत आहे.

शनिवारच्या ४० षटकांच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांनी नाणेफेक जिंकून प्रथम फलंदाजी घेतली आणि ३८.२ षटकांत त्यांचा डाव १८७ धावांवर आटोपला. खेळपट्टी संथ होती, चेंडू खाली राहत होता, आणि हे आपल्या ऑफस्पिनरने सर्वांच्या आधी ओळखले. त्याने उंची न देता यष्टींच्या रोखाने मारा केला आणि तीन गडी टिपले, त्यांपैकी दोन पायचीत. उत्तरादाखल आपण ३१ षटकांअखेर ४ बाद १४२ अशा सुस्थितीत होतो. ५४ चेंडूंत ४६ धावा हव्या होत्या आणि सहा गडी हाताशी होते. तिथून सामना कसा हातचा गेला, हे सांगणे जड जाते. पुढच्या आठ षटकांत ३७ धावा झाल्या, पण चार गडी गेले, आणि त्यांतले दोन झेल तर सरळ हातात दिलेले होते.

शेवटच्या षटकात नऊ धावा हव्या होत्या. पहिल्या चेंडूवर एक धाव, दुसरा निर्धाव, तिसऱ्यावर दोन. चौथ्या चेंडूवर नसलेली धाव घेण्याच्या नादात नववा गडी धावबाद झाला. पाचव्यावर एक. अखेरच्या चेंडूवर पाच धावा हव्या असताना बॅटची कड आणि चेंडू यांच्यात जेमतेम बोटभर अंतर राहिले, चेंडू यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये गेला आणि आपण ९ बाद १८३ वर थांबलो. पराभव ४ धावांनी. १८३ या आकड्याशी आपल्या पिढीचे वेगळे नाते आहे, कारण २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर भारताने एवढ्याच धावा करून विश्वचषक जिंकला होता. मात्र त्या १८३ नंतर गोलंदाजी करायची संधी होती, आमच्या १८३ नंतर फक्त यष्ट्या उपटायच्या उरल्या होत्या. या सामन्याची आपली निव्वळ धावगती, म्हणजे आपल्या दर षटकामागच्या धावांतून प्रतिस्पर्ध्यांच्या वजा केल्यावर उरणारा फरक, उणे ०.३२ आली आहे.

महिला संघाने रविवारी २० षटकांच्या सामन्यात ५ गडी राखून विजय मिळवला. अभिनंदन.

आपला,
क्रीडा सचिव


प्रेषक: कर्णधार, महिला संघ
विषय: उत्तर: शनिवार-रविवारचे निकाल
सोमवार, सकाळी

सचिव महोदय, सप्रेम नमस्कार.

अभिनंदनाबद्दल संघाच्या वतीने आभार. मात्र आपल्या पत्रात आमच्या वाट्याला जे एक वाक्य आले आहे, त्यातला एकमेव आकडा चुकीचा आहे, आणि तो दुरुस्त करण्यासाठी मला आपल्या वाक्याहून बरेच अधिक लिहावे लागणार आहे, याची आधीच क्षमा मागते.

आम्ही नऊ जणी खेळलो. एकीचा पाय गुरुवारच्या सरावात मुरगळला होता आणि दुसरीची कामाची पाळी आदल्या रात्री बदलली. गडी राखून मिळवलेला विजय म्हणजे त्या क्षणी जितके गडी बाद व्हायचे शिल्लक होते, तितक्या गड्यांनी मिळवलेला विजय. अकरा जणांच्या संघाचे दहा गडी बाद होऊ शकतात. नऊ जणींच्या संघाचे आठच, कारण नवव्या फलंदाजाला जोडीदार उरत नाही. आमचे पाच गडी बाद झाले होते, म्हणून विजय तीन गडी राखून आहे, पाच नव्हे. दहातून पाच वजा करून आपण आम्हाला दोन गडी बक्षीस दिलेत. ते साभार परत करीत आहे.

हा केवळ हिशेबाचा हट्ट नाही. सोळाव्या षटकातल्या तिसऱ्या चेंडूवर पाचवा गडी बाद झाला तेव्हा आमच्या ८४ धावा झाल्या होत्या, २७ चेंडूंत १३ धावा हव्या होत्या, आणि धावफलक पाहणाऱ्या कोणालाही सामना सोपा वाटला असता. पण पॅड बांधून बाकावर बसलेल्या फक्त दोघी होत्या, त्यांपैकी एक या मोसमात प्रथमच हातात बॅट घेणारी, आणि दुसरी हेल्मेटचा पट्टा सारखा सोडून पुन्हा लावत होती. खेळपट्टीवरच्या दोघींनी त्यापुढे एकही चेंडू हवेत मारला नाही. १९ चेंडूंत एकेक-दोन धावा जोडत त्यांनी १८.४ षटकांत ९७ पर्यंत मजल मारली. विजयी धाव स्क्वेअर लेगकडे ढकललेली एकेरी होती.

त्याआधीची वीस षटके नऊ जणींनी क्षेत्ररक्षण केले. गोलंदाज आणि यष्टिरक्षक सोडल्यास सात जणी उरतात; थर्ड मॅन, म्हणजे फलंदाजाच्या मागची ऑफ बाजूची सीमारेषेजवळची जागा, रिकामा ठेवावा लागला, आणि म्हणून आमच्या वेगवान गोलंदाजांना ऑफस्टंपबाहेर आखूड चेंडू टाकायला मी सक्त मनाई केली होती. जो टप्पा चुकला तो चेंडू सीमारेषेपार गेला, पण एकंदरीत त्यांनी शिस्त पाळली आणि प्रतिपक्षाला ७ बाद ९६ वर रोखले. या सामन्यातली खरी कामगिरी माझ्या मते ही होती, आणि ती निकालाच्या ओळीत कुठेच दिसत नाही.

एक तक्रार मात्र नोंदवते. क्लबच्या किटच्या पिशवीतून आमच्यासाठी जो नवा चेंडू निघाला, त्यावर १५६ ग्रॅमचा शिक्का होता. नियमावलीप्रमाणे महिलांच्या सामन्यातला चेंडू १४० ते १५१ ग्रॅम वजनाचा असतो आणि आकारानेही किंचित लहान असतो. नाणेफेकीच्या वेळी पंचांनी चेंडू हातात घेतला, उलटून शिक्का पाहिला आणि काही न बोलता मला परत दिला. प्रतिपक्षाच्या कर्णधाराने त्यांच्याकडचा १४२ ग्रॅमचा चेंडू दिला म्हणून सामना वेळेवर सुरू झाला.

आपली,
कर्णधार, महिला संघ


प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद
विषय: उत्तर: शनिवार-रविवारचे निकाल
सोमवार, दुपारी

सर्वांना नमस्कार,

मी दोन्ही दिवस सीमारेषेबाहेर खुर्ची टाकून बसलो होतो आणि सवयीप्रमाणे वहीत धावा मांडत होतो. माझ्या वहीत शनिवारी आपल्या १८४ धावा झाल्या आहेत, म्हणजे पराभव तीन धावांनी. एका धावेने पराभवाचा विजय होत नाही, हे मला कळते, पण आकडा जुळत नसेल तर झोप लागत नाही.

दुसरे भाषेविषयी, आणि ते थोडे विषयाला सोडून असले तरी फार नाही. सचिवांच्या पत्रात शनिवारी ‘आपण’ हरलो आणि रविवारी ‘महिला संघ’ जिंकला. दोन्ही आपलेच संघ आहेत. शनिवारच्या संघालाही ‘पुरुष संघ’ म्हणावे किंवा दोघांनाही ‘आपण’ म्हणावे. ज्यांना हे नवे खूळ वाटत असेल, त्यांनी लक्षात घ्यावे की महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा १९७३ साली झाली आणि पुरुषांची त्यानंतर दोन वर्षांनी, १९७५ साली. तेव्हा कोणाच्या स्पर्धेला विशेषण लावायचे हा प्रश्न ज्येष्ठतेने सोडवायचा म्हटले तर उत्तर अडचणीचे येईल. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने नियमावलीतला ‘बॅट्समन’ हा शब्द काढून ‘बॅटर’ आणला तो २०२१ साली. आपल्या फलंदाज, गोलंदाज, यष्टिरक्षक या शब्दांना ती अडचण कधी नव्हतीच. बाद झाला की झाली, एवढे क्रियापद सांगते. ‘सामनावीर’ या शब्दाचे काय करावे, हे मात्र मला अजून सुचलेले नाही.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद


प्रेषक: गुणलेखक
विषय: उत्तर: शनिवार-रविवारचे निकाल
सोमवार, रात्री

सप्रेम नमस्कार,

दोन्ही सामन्यांचे गुणपत्रक माझ्यासमोर आहे, म्हणून तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र देतो.

काका, आपली वही एका धावेने पुढे आहे आणि ती धाव कुठे गेली हे मला नेमके ठाऊक आहे. पुरुष संघाच्या डावातील बाविसाव्या षटकात मिडविकेटकडे फटका मारून दोघे दोन धावा पळाले. वळताना एकाची बॅट क्रीजच्या अलीकडेच राहिली. चेंडू मृत झाल्यावर पंचांनी हात कोपरात वाकवून बोटांची टोके त्याच बाजूच्या खांद्याला लावली. ती अपुऱ्या धावेची, म्हणजे शॉर्ट रनची खूण. दोनपैकी एकच धाव धरली गेली. मी हात वर करून पोच दिली, पण त्या वेळी प्रेक्षकांत चहाची किटली फिरत होती, त्यामुळे बहुधा कोणाचे लक्ष नव्हते. सामना संपल्यावर दोन्ही संघांच्या गुणलेखकांची पत्रके पंचांनी ताडून पाहिली आणि १८३ हा आकडा मान्य केला. नियम १६ प्रमाणे पंचांनी एकदा गुणसंख्या बरोबर असल्याचे मान्य केले की निकाल बदलत नाही. पराभव चारच धावांनी.

महिला संघाच्या निकालाबद्दल कर्णधारताईंचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. माझ्या पत्रकावर ‘३ गडी राखून’ असेच लिहिले आहे आणि दोन मोकळ्या ओळींवर मी आडवी रेघ मारलेली आहे. सचिवांना पाठवलेल्या छायाचित्रात तो कोपरा कापला गेला असावा.

आता निव्वळ धावगती. सचिवांनी १८७ ला ३८.२ ने भागले आहे, आणि तिथे एक नव्हे तर दोन चुका आहेत. पहिली सर्वांची होते: षटकांच्या आकड्यातला बिंदू दशांशाचा नसतो. ३८.२ म्हणजे ३८ षटके आणि दोन चेंडू, आणि षटकात सहा चेंडू असल्यामुळे ते ३८ पूर्णांक एकतृतीयांश होते. ती चूक सुधारली तर उणे ०.३२ ऐवजी उणे ०.३० येते, म्हणजे फार बिघडत नाही. दुसरी चूक मोठी आहे. जो संघ सर्वबाद होतो, त्याने किती षटके खेळली हे धावगतीसाठी पाहिले जात नाही. त्याच्या वाट्याची सर्व षटके, इथे ४०, धरली जातात. तसे नसते तर वीस षटकांत गुंडाळल्या गेलेल्या संघाची धावगती कागदावर झकास दिसली असती आणि त्यांना गुंडाळणाऱ्या गोलंदाजांचाच तोटा झाला असता. म्हणून प्रतिस्पर्ध्यांची गती १८७ भागिले ४०, म्हणजे ४.६७५, आपली १८३ भागिले ४०, म्हणजे ४.५७५, आणि फरक उणे ०.१०. सचिवांच्या हिशेबाने आपल्या गोलंदाजांना दहा गडी बाद केल्याची शिक्षा झाली होती.

महिला संघाची धावगती पत्रात नव्हती, ती देतो. विजयी धाव निघाली तेव्हा डाव सर्वबाद झालेला नव्हता, त्यामुळे प्रत्यक्ष खेळलेली षटकेच धरायची: १८ षटके आणि चार चेंडू. ९७ धावांची गती ५.१९६ येते, प्रतिपक्षाच्या २० षटकांतील ९६ धावांची ४.८, आणि फरक अधिक ०.४० भरतो. आठवा गडी बाद झाला असता तर तो संघ नऊ जणींचा असला तरी सर्वबादच धरला गेला असता आणि पूर्ण २० षटकांनी भागावे लागले असते. त्या १९ चेंडूंत एकही फटका हवेत गेला नाही याची किंमत तिथेही आहे.

आपला,
गुणलेखक


प्रेषक: क्रीडा सचिव
विषय: सुधारित निकाल
मंगळवार, सकाळी

सप्रेम नमस्कार,

वरील सर्व दुरुस्त्या मान्य आहेत. रविवारचा सामना मी पाहिला नव्हता. छायाचित्रावरून धावसंख्या वाचली, दहातून पाच वजा केले आणि पत्र पाठवून मोकळा झालो, हे कबूल करतो. यापुढे प्रत्येक संघाचा वृत्तान्त मैदानावर हजर असलेली व्यक्तीच लिहील आणि आकडे पाठवण्यापूर्वी गुणलेखकांच्या नजरेखालून जातील.

संकेतस्थळावर पुढील मजकूर टाकला आहे. पुरुष संघ, ४० षटके: प्रतिस्पर्धी सर्वबाद १८७ (३८.२ षटके), आपण ९ बाद १८३ (४० षटके), आपला ४ धावांनी पराभव, निव्वळ धावगती उणे ०.१०. महिला संघ, २० षटके: प्रतिस्पर्धी ७ बाद ९६ (२० षटके), आपण ५ बाद ९७ (१८.४ षटके, नऊ खेळाडू), आपला ३ गडी राखून विजय, निव्वळ धावगती अधिक ०.४०. कर्णधारताईंनी लिहिलेला वृत्तान्त त्यांच्याच शब्दांत खाली जोडला आहे. ‘सामनावीर’च्या जागी तूर्त ‘सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू’ असे लिहिले आहे. याहून आटोपशीर शब्द सुचल्यास जरूर कळवावा.

चेंडूंचे खोके काल रात्री उघडून पाहिले. दोन्ही प्रकारचे चेंडू एकाच खोक्यात ठेवले होते आणि ते मीच ठेवले होते. आता दोन वेगळी खोकी केली असून त्यांवर वजन ठळक अक्षरांत लिहिले आहे. प्रतिपक्षाच्या कर्णधाराला त्यांचा चेंडू भरून देण्यासाठी १४२ ग्रॅमचा एक नवा चेंडू राखून ठेवला आहे. तो पुढच्या भेटीत महिला संघानेच त्यांच्या हाती द्यावा.

येत्या रविवारी आपले गुणलेखक उपलब्ध नाहीत, आणि महिला संघाच्या सामन्यासाठी त्या जागी कोणीतरी हवे आहे. काका, खांद्याची खूण आता आपल्याला ठाऊक आहे. आपण बसाल का, ते कृपया गुरुवारपर्यंत कळवावे.

आपला,
क्रीडा सचिव