मुद्राचित्रात अक्षरे घ्यावीत का, आणि घेतली तर ती कशी?

लाकूडठसा:
मी लिनोकट (लिनोलियमचा तक्ता कोरून केलेला ठसा) आणि लाकडी ठशांची मुद्राचित्रे, म्हणजे ठशावरून कागदावर छापलेली चित्रे, करतो. अलीकडे माझ्या चित्रांत मराठी शब्द येऊ लागले आहेत. कधी एखादाच शब्द, तर कधी पूर्ण ओळ. चित्रकारांच्या बैठकींत मात्र असे मत वारंवार ऐकू येते, की चित्राला जे सांगता आले नाही ते अक्षरांत लिहून टाकणे ही पळवाट होय. मला हे मत पटत नाही, परंतु त्याला उत्तर देता यावे इतके कामही मी पाहिलेले नाही. प्रतिमा आणि मजकूर एकत्र आणणाऱ्या मुद्राचित्रकारांपैकी कोणाचा अभ्यास करावा? छापल्यावर सुलट यावीत म्हणून देवनागरी अक्षरे ठशावर उलटी कोरण्याच्या अडचणींविषयीही कोणी लिहिल्यास मी आभारी राहीन.

दालनफेरी:
पळवाटीचा आरोप इतर चित्रांवर कदाचित करता येईल, पण मुद्राचित्रावर तो करणे अवघड आहे, कारण ठसा आणि छापील अक्षर यांचा जन्म एकाच कारखान्यात झालेला आहे. स्पॅनिश चित्रकार गोयाने 1799 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लोस काप्रिचोस’ या 80 एचिंगच्या (आम्लाने धातूचा पत्रा कोरून छापलेल्या चित्रांच्या) मालिकेत प्रत्येक चित्राखालची ओळ त्याच तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली आहे, आणि ती ओळ झाकून पाहिली तर त्यांतील कित्येक चित्रांचा उपरोधच नाहीसा होतो.

आपल्या काळातील मुद्राचित्रकारांपैकी मी प्रथम झरीना हाश्मी यांचे नाव घेईन. त्यांचा जन्म 1937 साली अलीगढला झाला, गणिताचे शिक्षणही तिथेच झाले, पुढे पॅरिसमध्ये मुद्राचित्रकार हेटर यांच्या ‘आतेलिए 17’ या कार्यशाळेत त्यांनी एचिंगचे धडे घेतले आणि नंतर त्या न्यूयॉर्कला स्थायिक झाल्या. 1999 मधील ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ या त्यांच्या संचात 36 काष्ठठसे आहेत. प्रत्येक कागदावर अत्यंत काटेकोर अशी भूमितीय आकृती आणि तिच्याखाली नस्तालिक या उर्दूच्या तिरकस वळणाच्या लिपीत एकच उर्दू शब्द, एवढाच ऐवज आहे: घर, उंबरठा, दार, भिंत, अंगण अशा ओळखीच्या जागांपासून ही मालिका रस्ता, अंतर, सरहद्द इथपर्यंत जाते. शब्दांची यादी आधी झाली, ती एका सुलेखनकाराकडून लिहवून घेतली गेली, आणि आकृत्या त्यानंतर आल्या. चित्राला कमी पडले म्हणून शब्द आणला, असे या कामाविषयी कोणाला म्हणता येईल असे मला वाटत नाही. येथे चित्रच शब्दाला उत्तर देते आहे.

याच्या शेजारी 2004 मधील ‘लेटर्स फ्रॉम होम’ ठेवून पाहावे. पाकिस्तानात राहणाऱ्या त्यांच्या बहिणीने, राणी यांनी, लिहिलेली पण टपालात न टाकलेली पत्रे त्यांनी धातूच्या ठशांवर उतरवली आणि त्यांच्यावर घरांचे आराखडे व नकाशे छापले. आई-वडिलांचे निधन, विकले गेलेले घर अशा मजकुराच्या ओळींवर काळी आकृती बसते आणि काही ओळी तिच्याखाली जातात. खाजगी पत्र जाहीर करण्याची आणि तरीही ते झाकून ठेवण्याची याहून नेमकी रीत मी पाहिलेली नाही.

‘पेपर लाइक स्किन’ हे त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन 2012 मध्ये लॉस एंजेलिसच्या हॅमर संग्रहालयात सुरू झाले आणि पुढील वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आले. 2020 साली, त्यांच्या निधनाच्या थोडेच आधी, दिल्लीच्या किरण नाडर कला संग्रहालयातही त्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते.

काळी शाई:
झरीना यांच्याविषयी दुमत नाही. मात्र वरील प्रतिसादातून असा समज होऊ नये, की मजकूर चित्राच्या खाली किंवा मागे शिस्तीने बसला म्हणजे काम साधले. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते, जिथे वाचण्याची क्रियाच अवघड करून ठेवलेली असते. कृष्णवर्णीय अमेरिकी चित्रकार ग्लेन लायगन यांच्या 1992 मधील चार एचिंगच्या संचात चित्र म्हणून अक्षरांखेरीज काहीही नाही. त्यांपैकी दोहोंमध्ये कृष्णवर्णीय लेखिका झोरा नील हर्स्टन यांचे एकेक वाक्य पांढऱ्या कागदावर पुन्हा पुन्हा येते आणि खाली उतरत जाताना काळ्या शाईत बरबटून जाते. उरलेल्या दोहोंमध्ये राल्फ एलिसन यांच्या कादंबरीतील, समाजाच्या नजरेला न दिसणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाचा उतारा काळ्या कागदावर काळ्याच शाईने छापलेला आहे. तो वाचण्यासाठी प्रेक्षकाला मान तिरकी करून उजेडाचा कोन शोधावा लागतो, आणि मजकुरातला आशय या खटपटीतच त्याच्या अंगावर येतो.

लायगन यांचाच 1993 मधील ‘रनअवेज’ हा दहा शिळाछापांचा (दगडावरून छापलेल्या चित्रांचा) संचही पाहण्याजोगा आहे. आपण हरवलो आहोत असे समजून आपले वर्णन करा, असे त्यांनी मित्रांना सांगितले आणि ती वर्णने एकोणिसाव्या शतकातील फरारी गुलामांच्या जाहिरातींच्या मांडणीत, त्याच धाटणीच्या लहान चित्रांसह छापली. पँटचा रंग, चष्मा, चालण्याची ढब अशा स्नेहाने सांगितलेल्या बारकाव्यांचा या मांडणीत शिरताच पोलिसी तपशील होतो. मजकूर तोच राहूनही छपाईच्या घाटाने अर्थ कसा फिरतो, हे आपल्याकडील शोकप्रस्तावांचे किंवा निविदांचे घाट वापरू पाहणाऱ्याने जरूर अभ्यासावे.

अमेरिकी चित्रकार एड रुशे यांचा 1970 चा, चॉकलेट सिरप आणि मत्स्यांड्यांसारखे खाद्यपदार्थ शाईऐवजी वापरून गॉथिक (जुन्या, टोकदार वळणाच्या) अक्षरांत शब्द छापलेला संच मजेदार आहे. माझ्या मते मात्र त्यात कल्पकता जास्त आणि वाचण्याजोगे कमी.

उलट अक्षर:
मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहून गेला म्हणून लिहितो. लाकडी फळीत कोरताना तंतूंच्या दिशेने जाणारी बारीक रेघ टिकते, तर तंतूंना आडवी जाणारी रेघ प्रेसच्या दाबाखाली तुटते. देवनागरीत शिरोरेषा आडवी आणि काने उभे, म्हणजे काहीतरी तुटणारच. मी तंतू उभे ठेवून काने सांभाळतो आणि शिरोरेषा मुद्दाम जाड ठेवतो, कारण ती अखंड असल्यामुळे जाडी पेलते. वेलांटी आणि मात्रा यांची धास्ती तरीही राहतेच. लिनोला तंतू नसल्यामुळे ही अडचण येत नाही. अक्षरे पांढरी हवी असतील तर ती थेट खोदता येतात, आणि हे काम उठावाच्या, म्हणजे भोवतीचे कोरून वर ठेवलेल्या, अक्षरांपेक्षा पुष्कळच सोपे आहे.

उलटे लिहिण्याचा त्रास चुकवण्याचा जुना मार्ग शिळाछापाचा आहे. विशिष्ट कागदावर तेलकट शाईने सुलट लिहायचे आणि तो कागद दगडावर दाबायचा, म्हणजे अक्षरे दगडावर आपोआप उलटी उमटतात. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मराठी पंचांग छापले ते शिळाछापावरच, आणि त्या काळच्या शिळाप्रेसच्या पोथ्यांत लेखनिकाचे वळण जसेच्या तसे दिसते. स्क्रीन प्रिंटमध्ये शाई जाळीच्या पडद्यातून थेट कागदावर ढकलतात, त्यामुळे अक्षर उलटे करावेच लागत नाही. लॉस एंजेलिसमध्ये कॅथलिक नन असताना कोरिटा केंट यांनी 1960 च्या दशकात किराणामालाच्या जाहिरातींतील अक्षरे घेतली; त्या जाहिरातीचा कागद वाकवून किंवा चुरगळून त्याचे छायाचित्र काढत आणि त्यावरून छपाईचे स्टेन्सिल (शाई आरपार जाण्यासाठी कापलेला साचा) करत. त्यामुळे त्यांची मोठी रंगीत अक्षरे कागदावर वळसे घेतात, आणि त्यांच्या कडेला हाताने लिहिलेली बारीक अवतरणे असतात. हार्वर्डच्या संग्रहालयांनी 2015 मध्ये त्यांच्यावर मोठे प्रदर्शन भरवले होते.

लाकूडठसा:
सर्वांचा आभारी आहे. एक शंका उरते: माझी ओळ बारा-तेरा शब्दांची आहे आणि कागद अर्ध्या इंपीरियल (सुमारे 15 × 22 इंच) आकाराचा आहे. अक्षर किती मोठे ठेवावे?

दालनफेरी:
प्रेक्षकाने कोठे उभे राहावे असे आपल्याला वाटते, ते आधी ठरवावे. चित्र चार पावलांवरून पाहायचे आणि ओळ हातभर अंतरावरून वाचायची असेल तर लहान अक्षर चालेल, कारण माणूस आपणहून पुढे येईल. दोन्ही एकाच वेळी नजरेत यायचे असतील तर ओळ निम्म्याहून कमी करावी लागेल. कोरण्याआधी तीच ओळ त्याच आकारात साध्या कागदावर लिहून, दालनाच्या उंचीला भिंतीवर लावून पाहावी.