मदत हवी आहे: सोसायटीच्या तळ्यातल्या जलपर्णीवर फवारणी करू द्यावी का?

तळ्याकाठची

मंडळी, पुढच्या महिन्यात आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे आणि त्यात तळ्यावर औषध मारायचं की नाही याचा निकाल लागणार आहे. त्याआधी इथल्या जाणकारांचं मत हवंय.

तळेगावच्या पुढे आमची बंगल्यांची सोसायटी आहे. मधोमध जुनी दगडखाण होती, तिचंच तळं झालंय. साधारण 20 गुंठे. खाणीच्या बाजूला दोन पुरुष पाणी, बाकी ठिकाणी कमरेइतकं. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी ओढ्यात पडतं आणि ओढा इंद्रायणीला जातो. उन्हाळ्यात हेच पाणी पंपाने सगळ्यांच्या बागांना मिळतं. तळं सामाईक आहे, पण खर्चाचा विषय निघाला की "ज्यांच्या गच्चीतून तळं दिसतं त्यांनी भरावं" असं मागच्या गल्लीतले म्हणतात. असो.

काही वर्षांपूर्वी एका कोपऱ्यात जांभळी फुलं आली तेव्हा लोक फोटो काढायला जायचे. आता दोन तृतीयांश पाणी दिसतच नाही. दरवर्षी गणपतीच्या आधी मजूर लावून काढतो, दिवाळीनंतर पुन्हा होतं तेवढंच. यंदा जलपर्णीच्या मधल्या फटींतून आणखी एक बारीक वनस्पती पसरली आहे. पानं जोडीजोडीने, मधोमध दुमडलेली, वर मखमलीसारखी लव. पाण्यात दाबून धरली तरी सोडल्यावर कोरडीच वर येते.

एका कंत्राटदाराने दोन दर दिलेत. फवारणी स्वस्त, "तीन आठवड्यांत तळं मोकळं". मजुरांकडून काढून घ्यायचं तर ट्रॉलीमागे दर, एकूण जवळपास तिप्पट. समितीचा कल अर्थातच फवारणीकडे. औषधाचं नाव विचारलं तर "शेतीतलंच आहे ताई, माशांना काही होत नाही" एवढंच उत्तर. तळ्यात मासे आहेत, कासवं आहेत, पाणकोंबड्यांची वीण होते.

फवारणी खरंच इतकी वाईट आहे का, की मीच उगाच अडून बसले आहे? आणि फवारणी नको म्हटलं तर सभेत दुसरं काय ठेवू?

---

काटेसावर

तुमच्याकडे दोन वेगळी तणं आहेत आणि त्यांचे स्वभावही वेगळे आहेत. जांभळ्या फुलाची, देठ फुगलेली ती जलपर्णी. दुमडलेल्या पानांची, लव असलेली ती साल्व्हिनिया. दोन्ही मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या.

जलपर्णीचं बी गाळात पडलं की वर्षानुवर्षं जिवंत राहतं, पंधरा-वीस वर्षंसुद्धा. पाणी ओसरून काठचा चिखल उघडा पडला की तिथे रोपं उगवतात. म्हणजे वरची सगळी काढली तरी तुमचं काम संपत नाही, पुढची काही वर्षं काठावर नजर ठेवावी लागते. साल्व्हिनिया मात्र वांझ आहे. ती नेच्याच्या कुळातली, पण तिचे बीजाणू रुजत नाहीत. ती पसरते ती निव्वळ तुकड्यांनी. त्यामुळे ती पूर्ण काढली तर खरोखर संपते, आणि मूठभर राहिली तर पावसाळ्यानंतर पुन्हा तळं भरते. आधी तिच्या मागे लागा. ती काढायला बारीक डोळ्याचं जाळं हवं. दाताळ्याने ओढलीत तर तुकडे करून तुम्हीच पेरणी कराल.

सभेआधी दोन गोष्टी बघून या. जलपर्णीच्या पानांवर कुरतडल्यासारखे छोटे गोलसर डाग आहेत का? आणि तळ्यात वरून येणारा एखादा पाइप किंवा नाला या दिवसांत ओला आहे का?

---

उगाच आपलं

1910 साली लुइझियानाच्या रॉबर्ट ब्रूसार्ड नावाच्या खासदारांनी अमेरिकेच्या संसदेत विधेयक मांडलं होतं, की आफ्रिकेतून पाणघोडे आणून नद्यांमध्ये सोडावेत. जलपर्णी खातील आणि वर देशाला मांसही मिळेल. विधेयक पास झालं नाही. तुमच्या सभेत मांडून बघा, कोटेशन नक्की कमी येईल.

---

नाना_सातारकर

एवढी चर्चा कशाला? आमच्या शेततळ्यात मोरचूद टाकलं, शेवाळ आठवड्यात गायब. आणि ग्रास कार्प सोडा, गवत खाऊन फस्त करतो. खर्च काहीच नाही.

---

बोटुकली

नाना, शेततळ्याला खाली प्लॅस्टिकचा कागद असतो आणि त्यात तुम्ही मासे पाळत नव्हता असं धरून चालतो. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, ते शेवाळावरचं औषध आहे, जलपर्णीला त्याने फारसं काही होत नाही. मासे मात्र मरतात, पाणी मृदू असेल तर आणखी लवकर. तांबं गाळात साठून राहतं ते वेगळंच.

ग्रास कार्प हा मुळात चीनकडचा मासा, आपल्याकडे 1959 मध्ये आणला. तो पाण्याखालचं मऊ तण, म्हणजे हायड्रिला वगैरे, आवडीने खातो. जलपर्णीला तोंड लावत नाही. दुसरं काहीच नसेल तर मुळं कुरतडेल, पण त्यावर भरवसा ठेवून सभेत ठराव करू नका. शिवाय ताईंच्या सांडव्याला जाळी नसेल तर पहिल्या पुरात बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, थेट इंद्रायणीत.

ताई, मी मत्स्यव्यवसायात नोकरी केली आहे, म्हणून फवारणीबद्दल माशांच्या बाजूने सांगतो. औषध माशाला थेट मारत नसेलही. मासा मरतो तो नंतर. झाकलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. फवारलेली जलपर्णी एकदम मरून बुडते, खाली कुजते आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकते. एप्रिल-मेचं पाणी गरम, त्यात प्राणवायू विरघळतोच कमी. लिटरला पाच मिलिग्रॅम असेल तर मासे सुखात असतात, दोन-तीनवर आलं की पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करायला लागतात. कंत्राटदाराच्या तीन आठवड्यांत तळं मोकळं झालेलं दिसेल, मेलेले मासेही दिसतील. तोवर बिल निघालेलं असेल.

---

काटेसावर

त्यात भर: औषधाचं नाव लेखी मागा. सहसा 2,4-डी किंवा ग्लायफोसेट हे तणनाशक असतं. 2022 च्या केंद्राच्या आदेशानुसार ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरता येतं. तसा परवाना आहे का विचारा, बरेच जण तिथेच गप्प होतात. आणि 2,4-डी रुंद पानांच्या झाडांवर जातं. तुम्ही हेच पाणी बागेला देता ना? टोमॅटो, पपई, द्राक्षाचा वेल यांना ते थोडंही सोसत नाही, पानं वेडीवाकडी होतात. हे सभेत सांगा. माशांसाठी न हलणारे लोक पपईसाठी हलतील.

---

तळ्याकाठची

सगळ्यांचे आभार. नाना, तुमचेही, आमच्या खजिनदारांनी शब्दशः हेच सुचवलं होतं.

काटेसावर, आज सकाळी जाऊन आले. पानांवर डाग आहेत! शेंगदाण्याच्या निम्म्याहूनही लहान, वरची साल खरवडल्यासारखे. देठाजवळ करड्या रंगाचा एक किडाही मिळाला, पुढे सोंड असलेला.

आणि पाइप. उत्तरेच्या बाजूला वरच्या गृहप्रकल्पाचा पावसाळी पाण्याचा पाइप आमच्या हद्दीत उघडतो. एप्रिल आहे, पाऊस नाही, तरी त्यातून करंगळीएवढी धार चालू आहे. पाणी पांढुरकं, साबणाचा वास आणि खाली फेसाचा पट्टा. जलपर्णी सगळ्यात उंच आणि हिरवीगार आहे ती नेमकी तिथेच. इतक्या वर्षांत त्या बाजूला कोणी गेलंच नव्हतं, तिथे झुडपं आहेत.

---

काटेसावर

भर उन्हाळ्यात वाहतं ते पावसाचं पाणी नव्हे. सांडपाणी आहे, किंवा त्यांच्या शुद्धीकरण प्रकल्पाचं अर्धवट सोडलेलं पाणी. नत्र आणि स्फुरद फुकट मिळत असताना जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते. दिवाळीपर्यंत परत का येते याचं उत्तर त्या धारेत आहे.

किडा बहुधा निओकेटिना. जलपर्णी खाणारे हे सोंडेवाले भुंगेरे 1980 च्या दशकात बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेने परदेशातून आणून, तपासून सोडले, आता ते बऱ्याच ठिकाणी आपोआप सापडतात. बाकी कशाला ते त्रास देत नाहीत. पण त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. खतावलेल्या पाण्यात जलपर्णी त्यांच्या खाण्यापेक्षा वेगाने वाढते. धार बंद झाली तर हेच किडे कामाचे ठरतील. फवारणी केलीत तर त्यांचं खाद्यही गेलं आणि तेही गेले, मग गाळातल्या बियांतून येणारी नवी रोपं अगदी निर्धास्त.

साल्व्हिनियाचा भुंगेरा वेगळा, सिर्टोबॅगस, जेमतेम दोन मिलिमीटरचा. केरळात त्याने मोठं काम केलं आणि मध्य प्रदेशात सारणीच्या सातपुडा जलाशयातही. जबलपूरला भारतीय कृषी संशोधन परिषदेचं तण संशोधन संचालनालय आहे, सोसायटीच्या लेटरहेडवर त्यांना लिहा. मात्र 20 गुंठ्यांत साल्व्हिनिया अजून फटींतच असेल तर हाताने काढणं जास्त सोपं.

---

हिशेबी माणूस

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या तळ्याचं काम मी सचिव असताना झालं, म्हणून पैशांचं बोलतो.

ट्रॉलीवर कंत्राट देऊ नका. दाट जलपर्णी हेक्टरी 200 ते 400 टन भरते, म्हणजे गुंठ्याला दोन ते चार टन. तुमचे झाकलेले तेरा-चौदा गुंठे धरले तर चाळीसेक टन. त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग निव्वळ पाणी. ट्रॉलीमागे पैसे म्हणजे तुम्ही पाणी वाहून नेण्याचे पैसे देता. शिवाय ती फुगलेली, पोकळ. चार फावडी टाकली की ट्रॉली भरल्यासारखी दिसते. दर मोकळ्या झालेल्या गुंठ्यावर ठरवा. काढलेला माल काठापासून लांब, उतार तळ्याकडे नसेल अशा जागी दोन-तीन दिवस निथळू द्या आणि मगच भरा. वजन किती उतरतं ते बघून तुमचे खजिनदारही खूश होतील.

एकदम सगळं तळं काढायला घेऊ नका. बांबू आणि नायलॉनचा दोर बांधून पाण्यावर तरंगता अडसर करा, तळ्याचे तीन भाग पाडा, वाऱ्याच्या दिशेने एकेक भाग काठाला ओढत आणा. नाहीतर आज मोकळं केलेलं उद्या वाऱ्याने परत भरतं आणि कंत्राटदार म्हणतो, "मी तर काढली होती."

शेवटचे पैसे पावसाळा संपल्यावर. तोवर महिन्यातून एकदा काठची रोपं उपटायचं काम त्याच करारात घाला. हे काम माळ्यालाही जमतं, पण करारात नसेल तर कोणीच करत नाही.

---

बोटुकली

मजुरांना दोन पुरुष पाण्यात उतरू देऊ नका. मुळांच्या जाळ्यात पाय अडकून चांगले पोहणारेही बुडतात. ट्यूब, कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. जलपर्णीत साप असतात, बहुतेक पाणदिवड, बिनविषारी. पण काठच्या निथळत्या ढिगाखाली घोणस येऊन बसू शकते, तिथे हात घालण्याआधी काठीने हलवा.

अजून एक, लोकांना आधीच सांगून ठेवा. वरचं झाकण गेलं की ऊन खाली पोचतं, मग शेवाळ किंवा हायड्रिला डोकं वर काढतं. पहिल्या वर्षी पाणी हिरवं होईल आणि "आधी बरं होतं" म्हणणारे चार जण भेटतील. सांडव्याला जाळी बसवा आणि तेव्हा ग्रास कार्पचा विचार करा, आत्ता नाही.

---

तळ्याकाठची

सभेत ठेवायला ठराव असा लिहिला आहे, चुकत असेल तर सांगा. फवारणी नाही. उत्तरेच्या पाइपच्या पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यायचा, अहवाल जोडून त्या प्रकल्पाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्र. साल्व्हिनिया आधी, बारीक जाळीने, आमच्यातलेच काही जण काठावरून. मग जलपर्णी तीन भागांत, गुंठ्यावर दर, पाऊस सुरू व्हायच्या आत.

एकच अडलंय. चाळीस टन टाकायचं कुठे? शेजारच्या गावातले एक शेतकरी खतासाठी न्यायला तयार आहेत, ट्रॅक्टरही त्यांचाच.

---

काटेसावर

ठराव चोख आहे. नमुना धारेतून घ्या, तळ्यातून नको, आणि घेताना तारीख-वेळेसह फोटो. विष्ठेचे जीवाणू, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप), नायट्रेट आणि फॉस्फेट एवढं तपासायला सांगा.

खताचं, अहवाल येईपर्यंत शेतकऱ्यांना थांबवा. जलपर्णी पाण्यातले जड धातू मुळांत शोषून ठेवते. सांडपाणी फक्त घरगुती असेल तर काळजी कमी, पण अहवालात शिसं आणि कॅडमियमही घ्या, थोडे पैसे वाढतील. ठीक आलं तर शेणाबरोबर थर देऊन ढीग लावू द्या, फुलोरा आलेली झाडं मात्र वेगळी काढून पूर्ण वाळवून मग टाका. आणि ढीग ओढ्याच्या वरच्या अंगाला नको. पहिल्या पावसात त्याचा काळा निचरा ओढ्यात उतरला तर पत्र तुम्हालाच येईल.

---

हिशेबी माणूस

शेतकरी ट्रॅक्टर स्वतःचा आणत असतील तर वाहतूक कंत्राटातून काढून टाका आणि दर नव्याने मागवा. कराराचा मसुदा व्यक्तिगत निरोपाने पाठवतो.