सोन्याच्या खाणींची जुनी गावं: तुमचे अनुभव लिहा

सोन्याच्या खाणीमुळे वसलेलं एखादं जुनं गाव तुम्ही हिंडून पाहिलंय का? काय बघावं, कुठे जास्त वेळ द्यावा, मनात काय राहिलं, ते इथे लिहा. सुरुवात मी करते.

बंगळूरहून मारिकुप्पमच्या गाडीने आम्ही कोलार गोल्ड फील्ड्सला गेलो. तिथे सगळे केजीएफच म्हणतात. खाणी 2001 मध्ये बंद झाल्या, त्यामुळे खाली उतरता येत नाही. शाफ्टवरचे, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरींवरचे, लोखंडी सांगाडे लांबूनच बघायचे. पण गावात भरपूर पायी फिरा. एकीकडे इंग्रज साहेबांचे ऐसपैस बंगले आणि क्लब, दुसरीकडे मजुरांच्या खोल्यांच्या रांगा. कावेरीवरच्या शिवनसमुद्रची वीज 1902 मध्ये आधी या खाणींना मिळाली, बंगळूरला 1905 मध्ये. आम्हाला फिरवणारे काका खाणीतच नोकरीला होते. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल. एवढ्या खाली दाबामुळे खडक अचानक फुटतो, त्याला ते एअर ब्लास्ट म्हणत होते. तो धक्का वर घरात बसलेल्यांनाही जाणवायचा आणि मग बायका शाफ्टकडे धाव घ्यायच्या, हे सांगताना ते थांबले. अशी जाणती माणसं अजून भेटतात, त्यांच्यासाठी वेळ काढून जा.

*

ताई, केजीएफच्या सायनाइड डंपबद्दल लिहायलाच हवं. दगड दळून, सायनाइडने सोनं वेगळं केल्यावर उरलेल्या चुऱ्याच्या या टेकड्या. लोक फोटोसाठी वर चढतात. कृपया चढू नका. वारा सुटला की ती भुकटी वस्तीत जाते आणि तिथल्या पोराबाळांच्या छातीत भरते. ही जागा प्रेक्षणीय म्हणून दाखवणं मला पटत नाही.

*

मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून केजीएफ माझ्यासाठी तीर्थक्षेत्रच. मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मधल्या शास्त्रज्ञांनी ओसाका आणि डरहॅम विद्यापीठांच्या सोबतीने इथे सुमारे 2.3 किलोमीटर खोलीवर उपकरणं मांडली आणि 1965 मध्ये वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो, म्हणजे खडकातूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, टिपले. जगातल्या अशा पहिल्या नोंदींपैकी ही एक. वरचा खडक अवकाशातून येणारे बाकीचे वैश्विक किरण अडवतो, म्हणून एवढं खाली जायचं. विद्यार्थ्यांना घेऊन गेलो तेव्हा शाफ्ट लांबून दाखवून हे सांगितलं. मुलं हलायला तयार नव्हती.

*

ऑस्ट्रेलियात मुलीकडे गेलो होतो तेव्हा बॅलरॅट पाहिलं. सोव्हरिन हिल हे 1850 च्या दशकातलं गाव तिथे नव्याने उभारलंय. नातवंडं ओढ्यातली वाळू पाटीत घोळवत बसली. सापडलेला सोन्याचा कण घरी नेता येतो, मग काय विचारता! चिनी खाणकामगारांच्या तंबूंचा भाग मात्र बरेच जण भरभर ओलांडतात. तसं करू नका, सगळ्यात जास्त समजतं ते तिथेच.

त्यानंतर बॅलरॅटमधल्याच युरेका सेंटर या संग्रहालयाला जा. सोनं मिळो न मिळो, खोदण्याच्या परवान्याचे पैसे भरावेच लागत. त्यावरून बंड झालं आणि 3 डिसेंबर 1854 ला पहाटे सैनिकांनी खाणकामगारांच्या तटबंदीवर हल्ला केला. बंडातला निळा झेंडा, त्यावरचा पांढरा क्रॉस आणि तारे, जीर्ण अवस्थेत समोर दिसतो. कडेचे तुकडे लोकांनी आठवण म्हणून कापून नेलेले. मला तिथून उठवेना.

*

बॅलरॅटला थंडीत गेलात तर स्वेटर न्याच, बोचरा वारा असतो.

*

कॅलिफोर्नियातलं बोडी, सोन्याच्या खाणींचं आता ओसाड पडलेलं गाव, कुणी पाहिलंय का? तिथे काही नवं बांधत नाहीत. घरं आहेत तशी पडू नयेत एवढीच डागडुजी करतात. खिडकीतून आत बघायचं: टेबल, खाट, दुकानाच्या फळ्यांवरचे डबे, सगळं जागच्या जागी. मला बॅलरॅटपेक्षा हे जास्त भावलं. शेवटचा रस्ता कच्चा आहे आणि गावात खायला काही मिळत नाही, तेव्हा पाणी आणि डबा सोबत घ्या. गाव अडीच हजार मीटर उंचीवर आहे, आईवडिलांना नेणार असाल तर त्यांना सावकाश चालू द्या.